नासपतीचे गोत्र



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी उभे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवले. झाडाचे नाव सांगून ते थांबत नसत. हे नाव कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले आणि आज ते टिकते का, असे ते विद्यार्थ्यांना विचारत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहायचे तर असाच एखादा नावांचा गुंता हाती घ्यावा, असे मला वाटले. म्हणून आजचा विषय नासपती. त्यातही चीन, कोरिया आणि जपान या पट्ट्यात लागवडीखाली असलेली आशियाई नासपती.

आधी फळाची ओळख करून घेऊ. युरोपी पेअर झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. ते जून झाले की तोडतात आणि घरात किंवा शीतगृहात ठेवून पिकवतात. मग त्याचा गर मऊ होतो आणि वास सुटतो. चीन-जपानकडची नासपती बहुधा झाडावरच पिकते. तोडल्या तोडल्या खाता येते, दाताखाली कडकन तुटते, रस पुष्कळ असतो, वास बेताचा. तिच्या गरात बारीक रवाळपणा जाणवतो, तो अश्मपेशींमुळे. या पेशींच्या भिंतींत लिग्निन साठून त्या दगडासारख्या कठीण झालेल्या असतात. एका मोठ्या गटाला ‘वाळूची नासपती’ म्हणतात ते यामुळेच. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या फळबाजारात पंजाबातून येणारी टणक, ठिपकेदार सालीची नासपती याच गटातली आहे. तिच्याकडे शेवटी वळेन.

जगात पिकणाऱ्या एकूण पेअरपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक एकट्या चीनमध्ये पिकते. इतके महत्त्वाचे फळ, हजारो वर्षांची लागवड, आणि तरीही त्याच्या जाती नक्की किती, कोणती जात कोणापासून निघाली, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत गेली दीडशे वर्षे वाद आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. लागवडीतल्या आशियाई नासपतींना आपण जी जातींची नावे दिली, ती बव्हंशी बागांवरून दिली. निसर्गातल्या वंशरेषा त्या नावांशी जुळत नाहीत. हे डीएनएने आता पुरेसे स्पष्ट केले आहे, आणि म्हणून वर्गीकरण बदलले पाहिजे. कारण या गोंधळात खरी रानटी झाडे आपल्या नजरेआड जात आहेत.

नावांचा इतिहास पाहू, कारण तोच मोठा बोलका आहे. वाळूच्या नासपतीचे शास्त्रीय नाव पायरस पायरिफोलिया. हे नाव जिथून निघाले तो ग्रंथ आहे ‘फ्लोरा इंडिका’, साल 1768, लेखक अॅमस्टरडॅमचे निकोलास लॉरेन्स बर्मन. त्यांनी या झाडाला फायकस पायरिफोलिया म्हटले. फायकस म्हणजे वड, उंबर, पिंपळ यांची प्रजाती. पेअरसारखी पाने असलेले उंबराच्या कुळातले झाड, अशी त्यांची समजूत. ते झाड प्रत्यक्षात पेअरच होते, हे कित्येक पिढ्या कोणाच्या ध्यानात आले नाही. दरम्यान या नासपतीला वेगवेगळी नावे मिळत राहिली. 1915 मध्ये हार्वर्डच्या अर्नोल्ड आर्बोरेटममधले आल्फ्रेड रेडर यांनी चीनमधल्या पायरसच्या जातींचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात तिला पायरस सेरोटिना म्हटले. अखेर 1926 मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नाकाई ताकेनोशिन यांनी बर्मनचे जुने नाव पायरस प्रजातीत आणले. जुने नाव आधी, हा नामकरणाचा नियम. त्यामुळे वडाच्या नावाखाली दीडशे वर्षे पडून राहिलेला शब्द आज या फळाचे अधिकृत नाव आहे.

रेडरच्या त्याच 1915 च्या लेखात आणखी एक नाव आले, आणि आजच्या वादाचे मूळ त्यात आहे. पेकिंगच्या रशियन वकिलातीत एमिल ब्रेटश्नायडर नावाचे डॉक्टर होते. वैद्यकी सांभाळून त्यांनी चिनी वनस्पतींचा मोठा अभ्यास केला. त्यांनी धाडलेल्या बियांपासून आर्बोरेटममध्ये झाडे वाढली. त्यांच्यावरून रेडर यांनी नवी जात वर्णिली आणि तिला ब्रेटश्नायडरांचे नाव दिले: पायरस ब्रेटश्नायडेराय. उत्तर चीनमधल्या बागांतली फिकट पिवळ्या सालीची, कुरकुरीत, मोठी ‘पांढरी नासपती’ म्हणजे हीच जात, असे पुढे सर्वांनी धरून चालले. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. ज्या झाडांवरून जात वर्णिली ती बियांपासून उगवलेली होती. नासपतीच्या बाबतीत ‘बियांपासून उगवलेले’ या शब्दांचा अर्थ फार मोठा होतो.

तो सांगण्याआधी जुन्या वर्गीकरणाची पद्धत थोडक्यात सांगतो. फळाच्या खालच्या टोकाला फुलाचा सुकलेला निदलपुंज चिकटून राहतो की गळून पडतो, ही पहिली खूण. युरोपी पेअरमध्ये तो राहतो, उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या उसुरी नासपतीतही राहतो. वाळूच्या नासपतीत बहुधा गळतो आणि तिथे स्वच्छ खळी उरते. दुसरी खूण फळ आडवे कापल्यावर दिसते. मोठ्या फळांच्या जातींत बियांचे पाच कप्पे चांदणीच्या आकारात मांडलेले असतात. कॅलरी किंवा बेटुलिफोलियासारख्या रानटी जातींची फळे वाटाण्याएवढी, आणि त्यांत कप्पे दोन, फार तर तीन. जपानमधले किकुची अकिओ यांनी 1940 च्या दशकात या कप्प्यांच्या संख्येला महत्त्व दिले आणि तीन-चार कप्प्यांच्या मधल्या झाडांसाठी वेगळा विभाग केला. ही मधली झाडे संकराची असावीत, हा त्यांचा अंदाज. मला किकुचींचे विशेष कौतुक वाटते ते यासाठी की, ज्या झाडाचे उत्तर सापडत नाही त्याला जबरदस्तीने एखाद्या खणात कोंबण्याऐवजी त्यांनी संकराला वर्गीकरणात जागा दिली. 1973 मध्ये चॅलिस आणि वेस्टवुड यांनी पानांतली रसायने आणि बाह्य लक्षणे एकत्र मोजून संख्याशास्त्रीय वर्गीकरण केले. तेही या मधल्या झाडांपाशी अडखळले.

असे का होते? उत्तर फुलात आहे. पेअरच्या बहुतेक सर्व झाडांत सतरा गुणसूत्रांच्या जोड्या आहेत, म्हणजे एका जातीचा पराग दुसऱ्या जातीच्या फुलात जाऊन बी धरायला गुणसूत्रांची अडचण नाही. आणि स्वतःच्या परागाने मात्र बी धरत नाही. स्त्रीकेसराच्या वाहिनीत एस-आरएनेज नावाचे विकर तयार होते. परागकणाची एस-खूण झाडाच्या स्वतःच्या दोन एस-खुणांपैकी एकीशी जुळली, तर त्याची परागनलिका अर्ध्या वाटेतच थांबते. निजिस्सेइकी या प्रसिद्ध जपानी वाणाच्या खुणा एस-2 आणि एस-4 आहेत. होसुईच्या एस-3 आणि एस-5. या दोघांचे एकमेकांशी जमते. निजिस्सेइकीचे निजिस्सेइकीशी जमत नाही, मग बाग एकराची असो की शंभर एकरांची. म्हणजे नासपतीच्या झाडावर जे बी धरते ते दर वेळी परक्या झाडाच्या परागाचे. दर बी हा संकर. परका पराग शेजारच्या वाणाचा असेल, बांधावरच्या रानटी झाडाचा असेल, दुसऱ्याच जातीचा असेल. माशी-मधमाशीला जातीचे बंधन नाही.

सिच्वान प्रांतातल्या हान्युआन जिल्ह्यात याची किंमत माणसे हाताने मोजतात. 1980 च्या दशकापासून तिथे नासपतीचे परागीभवन माणसेच करतात. परागासाठी ठेवलेल्या दुसऱ्या वाणाच्या उमलत्या फुलांतून परागकोश काढायचे, ते उबेत वाळवायचे, झडलेला पराग बाटलीत भरायचा. मग बांबूच्या काठीला कोंबडीच्या पिसांचा झुपका बांधून झाडावर चढायचे आणि फुलाफुलाला पराग लावत जायचे. फुले ताजी आहेत तेवढ्या मोजक्या दिवसांत, घरातले सगळे हात लावून. फवारणीमुळे मधमाश्या पाळणारे आपल्या पेट्या तिकडे आणत नाहीत, हे त्याचे एक कारण. पण मुळात ही मेहनत लागते, कारण एकाच वाणाची बाग स्वतःहून फळ धरू शकत नाही.

अमेरिकेतही याचा धडा मिळाला. कॅलरी नासपतीचे ‘ब्रॅडफर्ड’ हे शोभेचे वाण 1963 मध्ये तिथल्या कृषी खात्याने प्रसारात आणले. रस्तोरस्ती लागलेली सगळी झाडे एकाच कलमाची, म्हणून फळ नाही, बी नाही, पसरण्याची भीती नाही. पुढे रोपवाटिकांनी कॅलरीचीच दुसरी वाणे बाजारात आणली. त्यांच्या एस-खुणा वेगळ्या. दोघांत संकर झाला, पक्ष्यांनी बी पसरवले, आणि आज पूर्व अमेरिकेच्या माळरानांत तिचे काटेरी रान माजले आहे. ओहायो राज्याने 2023 पासून तिच्या विक्रीवर बंदी घातली.

बियांचा हा स्वभाव चिनी शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. सहाव्या शतकात जिया सिश्ये यांनी लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीच्या ग्रंथात नासपतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. एका फळात दहाएक बिया असतात, त्यांतल्या दोनच नासपतीसारख्या उगवतात, बाकीच्या रानटी ‘दू’ होतात, असे त्यात नोंदले आहे. ‘दू’ म्हणजे बहुधा बेटुलिफोलिया, वाटाण्याएवढ्या फळांची. आणि म्हणून कलम करा, असे तो ग्रंथ सांगतो. कुठल्या खुंटावर, कुठल्या हंगामात, डोळकाडी झाडाच्या कोणत्या बाजूची घ्यावी, असा सगळा तपशील देतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा परिच्छेद मी आधुनिक आनुवंशिकीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापीन. आपल्याकडे रायवळ आंब्याची कोय लावली तर कोणता आंबा येईल सांगता येत नाही, पण हापूसचे कलम लावले की हापूसच येतो. नासपतीचे नेमके तेच आहे.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. बी दर वेळी नवा संकर घडवते, आणि माणूस त्यातले एखादे आवडते झाड निवडून कलमाने शेकडो वर्षे तसेच्या तसे टिकवतो. परिणाम असा की, बागेत दिसणारा ‘वाण’ हे एकच झाड असते, हजारो खुंटांवर पुन्हा पुन्हा चढवलेले. अशा निवडक झाडांचा एक गट पाहून त्याला जात म्हणणे, म्हणजे चार निवडक माणसे पाहून सगळ्या गावाचा चेहरा सांगणे.

जपानमधली एक हकीकत हे अधिक स्पष्ट करील. 1888 साली चिबा प्रांतातल्या मात्सुदो इथे तेरा वर्षांच्या मात्सुदो काकुनोसुके या मुलाला कचऱ्याच्या ढिगावर नासपतीचे एक रोप उगवलेले दिसले. त्याने ते आपल्या बागेत नेऊन लावले. दहा वर्षांनी, 1898 मध्ये, त्याला फळ आले. तोपर्यंत जपानमध्ये बहुतेक तपकिरी, खरबरीत सालीच्या नासपत्या. हे फळ फिकट हिरवे, गुळगुळीत, गर पांढरा आणि पाणीदार. पुढे त्याला निजिस्सेइकी, म्हणजे विसावे शतक, असे नाव पडले. 1904 मध्ये कितावाकी एइजी यांनी दहा रोपे नेऊन तोत्तोरी प्रांतात लावली आणि तो प्रांत या फळाचे माहेर झाला. मूळ झाडाला 1935 मध्ये नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. युद्धात बॉम्बहल्ल्याने ते होरपळले आणि 1947 मध्ये गेले. पण त्याच्या कलमांवर सारा जपान नासपती खात राहिला.

एका झाडावर इतका भार टाकण्याची किंमतही मोजावी लागली. आल्टर्नारिया बुरशीचा एक प्रकार एके-टॉक्सिन नावाचे विष तयार करतो. हे विष ज्या झाडांना बाधते त्यांत निजिस्सेइकी. पाने-फळांवर काळे डाग पडतात, फळे तडकतात. तोत्तोरीतले बागाईतदार एकेक फळ कागदी पिशवीत बांधत आणि फवारणी करत. इबाराकी प्रांतातल्या किरणोत्सर्ग संशोधन केंद्राच्या, गॅमा किरणांखाली ठेवलेल्या शेतात 1962 मध्ये लावलेल्या निजिस्सेइकीच्या एका झाडावर 1981 मध्ये एक अशी फांदी सापडली जिच्यावर डाग पडत नव्हते. त्या फांदीतून ‘गोल्ड निजिस्सेइकी’ आली. तोत्तोरीतच ‘ओसा-निजिस्सेइकी’ हे दुसरे उत्परिवर्तन सापडले. त्यात एस-4 चे आरएनेज जनुकच गळून गेले आहे, त्यामुळे ते स्वतःच्या परागाने फळ धरते. एस-खुणांबद्दल मघाशी जे सांगितले त्याचा हा धडधडीत पुरावा.

एवढी माहिती असूनही वाणांच्या वंशावळी किती चुकीच्या लिहिल्या गेल्या होत्या, हे डीएनएच्या चाचण्या आल्यावर कळले. होसुई हे 1972 चे वाण, जपानमधल्या सर्वांत जास्त लागवडीच्या वाणांपैकी एक. त्याचे आईबाप म्हणून ते घडवणाऱ्या केंद्राच्या वहीत जी दोन नावे होती ती सूक्ष्म-उपग्रह नावाच्या डीएनए-खुणांनी खोटी ठरवली. एक पालक निघाला कोसुई, आणि दुसरे हिरात्सुकाच्या केंद्रातले एक क्रमांकाचे निवडरोप. नीइताका हे वाण कोरियात ‘सिंगो’ नावाने बागांचा कणा झाले आहे. त्याच्याही नोंदीतला एक पालक चुकीचा होता. संशोधन केंद्रात, चिठ्ठ्या लावून, हाताने पराग घालून केलेल्या संकरांची ही गत. मग हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या खेड्यात आपोआप उगवलेल्या वाणांची वंशावळ कोण सांगणार? ती झाडाच्या पेशीतच वाचावी लागते.

वाचायला सुरुवात 1990 च्या दशकात झाली. चेच्यांग विद्यापीठातले तेंग युआनवेन आणि त्यांचे सहकारी, तसेच जपानमधले गट, चिनी आणि जपानी वाणांच्या डीएनएच्या खुणा शेजारी मांडू लागले. पांढरी नासपती वेगळी जात असेल तर तिची वाणे एकीकडे आणि वाळूच्या नासपतीची दुसरीकडे पडायला हवीत. ती तशी पडली नाहीत. एकमेकांत मिसळली. उत्तर चीनमधली पांढरी नासपती आणि दक्षिणेतली वाळूची नासपती यांत दोन वेगळ्या जातींएवढे अंतर नाही. हवामान आणि निवड यांनी एकाच साठ्याचे दोन तोंडवळे केले आहेत. तेंग यांच्या गटाने त्यामुळे पांढऱ्या नासपतीला पायरस पायरिफोलियाचाच ‘पांढरा गट’ म्हणावे असे सुचवले. जपानी नासपतीही याच साठ्यातली. जपानमध्ये 693 साली सम्राज्ञी जितोने तुती, चेस्टनट यांच्या बरोबरीने नासपती लावण्याचे फर्मान काढल्याचे ‘निहोन शोकी’त आहे, पण तिथे लागवडीत असलेल्या नासपतीचे मूळ मुख्य भूमीवरच आहे.

पुढचे पाऊल संपूर्ण जनुकसंचाचे. नानजिंग कृषी विद्यापीठाच्या पुढाकाराने 2013 मध्ये आन्हुई प्रांतातल्या ‘दांगशान सूली’ या पांढऱ्या नासपतीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे 51 कोटी 20 लाख अक्षरे, 42,812 जनुके, आणि निम्म्याहून अधिक भाग पुनरावृत्त तुकड्यांचा. 2018 मध्ये याच गटातल्या वू जुन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या 113 झाडांचे जनुकसंच वाचून 1 कोटी 83 लाखांहून अधिक अक्षरबदल नोंदवले. निष्कर्ष असे: पेअरची प्रजाती नैर्ऋत्य चीनच्या डोंगरांत उगम पावली, मध्य आशियातून पश्चिमेकडे सरकत युरोपात पोचली. आशियाई आणि युरोपी शाखा सुमारे 66 ते 33 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. आणि दोन्ही बाजूंनी माणसाने तिला स्वतंत्रपणे माणसाळवले. गराचा कुरकुरीतपणा, आंबटपणा, वास, अश्मपेशी, या प्रत्येक गुणासाठी दोन्हीकडच्या निवडीच्या खुणा जनुकसंचात वेगवेगळ्या जागी आहेत. पूर्वेच्या शेतकऱ्याने एक फळ घडवले, पश्चिमेच्याने दुसरे.

हे दोन प्रवाह पुन्हा भेटतात ते शिंच्यांगमध्ये. तिथली कोरलाची सुगंधी नासपती आणि तिच्या भावकीतली वाणे पायरस सिनकियांगेन्सिस या नावाखाली येतात. या वाणांत युरोपी पेअर आणि चिनी नासपती या दोघांचे रक्त आहे. रेशीममार्गावरच्या मरूद्यानांत दोन्हीकडची झाडे शेजारी लागली आणि फुलांनी आपले काम केले. या संकराला जातीचे लॅटिन नाव देणे मला पटत नाही. लागवडीबाहेर त्याची रानटी पैदास नसेल तर त्याला जात कशाच्या बळावर म्हणायचे?

उसुरी नासपतीची गोष्ट थोडी वेगळी. वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्सिमोविच यांनी वर्णिलेली ही जात खरीखुरी रानटी आहे, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेत वाढते, कडाक्याच्या थंडीत तगते. पण लियाओनिंगमधल्या नानगुओसारखी तिची लागवडीतली वाणे, जी तोडल्यावर मऊ होतात आणि घमघमतात, त्यांत वाळूच्या नासपतीचा अंश मिसळलेला आढळतो. ईशान्य जपानच्या तोहोकू भागात तर याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या रानातल्या नासपत्या एकाच साच्याच्या वाटत. जपानी संशोधक इकेतानी आणि सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा कळले की, खऱ्या देशी झाडांत, बागांतून फार जुन्या काळी निसटून रानटी झालेल्या झाडांचा अंश शिरला आहे. शुद्ध देशी झाडे थोड्याच भागात उरली.

याच इकेतानींनी 2012 मध्ये जे सुचवले ते मला सर्वांत न्याय्य वाटते. रानटी नासपतींना जातींची लॅटिन नावे असू द्या. लागवडीतल्यांना मात्र लागवडीच्या वनस्पतींच्या नामसंहितेप्रमाणे ‘गट’ म्हणा: जपानी गट, चिनी पांढरा गट, वाळूचा गट, उसुरी गट. गट म्हणजे गुणांनी आणि उपयोगाने जुळणारी वाणे. त्यांना एकच पूर्वज असलाच पाहिजे असा दावा त्यात नाही. बागाईतदाराचे काम अडत नाही आणि शास्त्राचे खोटे होत नाही. पांढऱ्या नासपतीचा जनुकसंच आजही कित्येक लेखांत पायरस ब्रेटश्नायडेराय या नावाने छापला जातो. सवयीचा जोर मोठा असतो. पण ही सवय सोडायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडे येऊ. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगाने पंजाबातल्या चीनभुक्ती या ठिकाणाबद्दल लिहिले आहे. कनिष्काच्या काळात चीनच्या बाजूचे ओलीस राजपुत्र इथे राहत. पीच आणि नासपती आधी या देशात नव्हत्या, त्या ओलिसांनी आणल्या, म्हणून नासपतीला इथे ‘चीनराजपुत्र’ म्हणतात, असे तो सांगतो. लागवडीतल्या फळापुरती त्या कथेची दिशा बरोबर आहे. पंजाबातली पत्थरनाख ही वाळूच्या नासपतीच्याच गटातली. हिमाचलच्या मधल्या उंचीवर लावली जाणारी कीफर ही तर फिलाडेल्फियात पीटर कीफर यांच्या बागेत वाळूची नासपती आणि युरोपी पेअर यांच्यातून आपसूक झालेला संकर. तिला 1873 मध्ये पहिले फळ आले.

पण नासपतीची प्रजातीच भारतात नव्हती, हे मात्र खरे नाही. हिमालयाच्या पायथ्यापासून मधल्या उंचीपर्यंत कैंथ उभा आहे, पायरस पाशिया. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन 1802-03 मध्ये नेपाळात गेले, त्यांच्या नोंदींवरून डेव्हिड डॉन यांनी 1825 मध्ये त्याला नाव दिले. कुमाऊँ-गढवालात त्याला मेहल म्हणतात. काटेरी फांद्या, वसंतात पांढरा शुभ्र बहर, तपकिरी ठिपकेदार छोटी फळे. ती काळी आणि मऊ पडली की मगच गोड लागतात. पंजाब कृषी विद्यापीठ नासपतीच्या कलमांना कैंथाच्याच खुंटाची शिफारस करते. म्हणजे आपण खातो त्या पंजाबी नासपतीच्या वरच्या फांद्या चीनच्या वंशाच्या आणि मुळे हिमालयाची.

आज हिमाचल-उत्तराखंडात बांधावरचे आणि गावकुसाचे कैंथ छाटून त्यांच्यावर चांगल्या वाणाच्या काड्या चढवतात. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण कैंथाचा बहर आणि या वाणांचा बहर एकाच वेळी आला की पराग रानात जातो, आणि तोहोकूत जे झाले ते इथे होऊ शकते. या प्रजातीच्या थंडी, दुष्काळ आणि रोग सोसणाऱ्या गुणांचा साठा अशा रानटी झाडांत आहे. उद्या कोणाला नवा खुंट किंवा नवे वाण घडवायचे असेल तर त्याला इथेच यावे लागेल.

समोर वनस्पतिशास्त्राचे पुष्कळ विद्यार्थी बसले आहेत. तुमच्यातले बरेच जण सहलीला, ट्रेकला कुमाऊँत आणि कुलूला जातात. कैंथ दिसला तर त्याचा नमुना दाबून घ्या, उंची आणि जागा लिहा, फळ असेल तर आडवे कापून कप्पे मोजा, निदलपुंज राहिला की गळाला ते पाहा. आणि एक नोंद हमखास करा, जी आपल्या वनस्पतिसंग्रहालयांतल्या जुन्या चिठ्ठ्यांवर क्वचितच सापडते: सर्वांत जवळचे लागवडीचे नासपतीचे झाड तिथून किती अंतरावर आहे.